मांत्रिकाचा हिशेब : काळ्या जादूच्या हेराचे पुनरागमन

एखाद्या घरावर रात्री-अपरात्री दगड पडू लागले, दोरीवर वाळत घातलेले कपडे पेटू लागले किंवा धडधाकट म्हैस दोन दिवसांत गेली, की पहिला निरोप जातो तो देवऋषीकडे. तो येतो, अंगारा लावतो, उतारा सांगतो, दक्षिणा घेतो आणि निघून जातो. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत हे चित्र नवे नाही. अशा माणसाबद्दल गावात दोन मते असतात. काहींच्या दृष्टीने तो सिद्धपुरुष असतो, तर काहींच्या दृष्टीने निव्वळ भोंदू. तो खरोखर जाणकार आहे, संकटातून सोडवूही शकतो, तरीही त्याच्यावर विश्वास ठेवू नये, असे तिसरे मत सहसा कोणी मांडत नाही.

या तिसऱ्या मतावर एका इंग्रजी चित्रकथेने चार दशके काढली आहेत. जॉन कॉन्स्टंटाइन हे त्या चित्रकथेच्या नायकाचे नाव. तो भुताखेतांच्या प्रकरणांचा शोध घेणारा हेर आहे, मंत्रतंत्र जाणणारा आहे आणि पट्टीचा लबाडही आहे. मध्यंतरी दोन वेळा गाशा गुंडाळलेला हा नायक जानेवारी २०२४ मध्ये 'डेड इन अमेरिका' या मालिकेतून पुन्हा अवतरला. त्याच वर्षी आपल्याकडे 'तुंबाड' हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला आणि नारायण धारप यांचे नाव नव्या पिढीच्या तोंडी आले. या दोन पुनरागमनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. मात्र मंत्र जाणणाऱ्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहावे, हा प्रश्न दोन्हींच्या मुळाशी आहे आणि बीडसारख्या जिल्ह्यात तो केवळ पुस्तकी राहत नाही.

कोण हा कॉन्स्टंटाइन?

जून १९८५ ची तारीख असलेल्या 'स्वॉम्प थिंग' या अमेरिकी चित्रकथेच्या ३७ व्या अंकात कॉन्स्टंटाइन प्रथम ठळकपणे अवतरला. लेखक होते इंग्लंडचे ॲलन मूर. चित्रकार स्टीव्ह बिसेट आणि जॉन टॉटलबेन यांना गायक स्टिंग याच्या चेहऱ्याचे एखादे पात्र रंगवायचे होते. त्यांच्या या हौसेतून सोनेरी केसांचा, मळकट लांब कोट घालणारा, सतत सिगारेट ओढणारा हा माणूस जन्माला आला. तो लिव्हरपूलच्या कामगार वस्तीतला आहे. त्याच्यापाशी जादूची कांडी नाही, दिव्य अस्त्र नाही आणि अंगात अचाट बळही नाही. बोलण्यातली हुशारी, थोडीफार मंत्रविद्या आणि समोरच्याला गंडवण्याची हातोटी एवढेच त्याचे भांडवल.

जानेवारी १९८८ मध्ये त्याच्या नावाने 'हेलब्लेझर' ही स्वतंत्र मालिका सुरू झाली. पहिले लेखक होते जेमी डेलानो. थॅचरबाईंच्या काळातील इंग्लंड, बेकारी, वंशद्वेष आणि पैशाची हाव यांच्या पार्श्वभूमीवर डेलानो यांनी भुतांच्या कथा लिहिल्या. मालिकेतील सैतान बऱ्याचदा शहरातील माणसांच्याच वासनांवर पोसलेले असत. बहुतेक अमेरिकी चित्रकथांचे नायक वर्षानुवर्षे त्याच वयाचे राहतात. कॉन्स्टंटाइनचे वय मात्र वाचकाबरोबर वाढत गेले. त्याची जन्मतारीख १० मे १९५३ मानली गेली आणि मालिका संपली तेव्हा तो साठीला टेकला होता.

दुसऱ्याच्या जिवावर मिळवलेला विजय

कॉन्स्टंटाइनला नीतीच्या तराजूत तोलणे अवघड का, हे त्याच्या पहिल्याच प्रकरणातून कळते. भुकेचा एक दैत्य शहरात मोकाट सुटतो आणि माणसे डोळ्यांदेखत खात खात मरू लागतात. त्याला कोंडायचे तर एका जिवंत माणसाचे शरीर हवे. कॉन्स्टंटाइन आपल्या एका जुन्या, व्यसनाधीन मित्राला गोड बोलून पुढे करतो. शहर वाचते, मित्र जातो. वाचक नायकाचे कौतुक करू शकत नाही आणि त्याने दुसरे काय करायला हवे होते, हेही सांगू शकत नाही.

त्याहून जुनी जखम न्यूकॅसलची. १९७८ मध्ये घडलेल्या म्हणून सांगितलेल्या या प्रकरणात ॲस्ट्रा नावाच्या लहान मुलीला वाचवण्यासाठी तरुण कॉन्स्टंटाइन एका दैत्याला पाचारण करतो. बोलावण्याचा विधी त्याला येत असतो, ताबा ठेवण्याचा येत नसतो. दैत्य मुलीलाच नरकात ओढून नेतो. अर्धवट विद्येच्या गर्वापायी एक लेकरू गेले, ही जाणीव त्याला वेड्यांच्या इस्पितळापर्यंत नेते आणि पुढे जन्मभर पाठ सोडत नाही.

१९९१ मध्ये गार्थ एनिस या लेखकाने मालिका हाती घेतली आणि कॉन्स्टंटाइनला फुप्फुसाचा कर्करोग झाला. सिगारेटींचा तो सरळ हिशेब होता. तेव्हा त्याने नरकाच्या एकाहून अधिक अधिपतींना, एकमेकांच्या नकळत, आपला आत्मा विकला. तो मेला असता तर आत्म्यावरून नरकात यादवी माजली असती. ती टाळायची म्हणून त्या अधिपतींनीच नाइलाजाने त्याला बरे केले. ही कथा आजही मालिकेचा उंचीबिंदू मानली जाते. मात्र तेथेही लेखक त्याला मोकळे सोडत नाही. त्याच इस्पितळात भेटलेला, त्याच रोगाने खंगलेला एक म्हातारा मरतो. नायकाकडे त्याच्यासाठी कोणतीही युक्ती नसते.

मालिका बंद, पात्र जिवंत

'हेलब्लेझर'चा ३०० वा आणि अखेरचा अंक फेब्रुवारी २०१३ चा. डीसी या प्रकाशनाच्या 'व्हर्टिगो' या प्रौढ वाचकांसाठीच्या शाखेत ही सर्वाधिक काळ चाललेली मालिका ठरली. त्यानंतर कॉन्स्टंटाइनला सुपरमॅन-बॅटमॅनच्या जगात आणून बसवण्यात आले. तेथे त्याचे दात काढून घेतल्याची भावना जुन्या वाचकांत होती. पडद्यावरही त्याचे नशीब असेच राहिले. २००५ च्या चित्रपटात किआनू रीव्हज याने तो रंगवला, पण लिव्हरपूलचा माणूस लॉस एंजलिसचा झाला. २०१४-१५ मधील दूरचित्रवाणी मालिकेत मॅट रायन याने त्याला मूळ रूपाच्या जवळ आणले. ती मालिका मात्र १३ भागांत आटोपली.

२०१९ च्या अखेरीस लेखक सायमन स्परिअर आणि चित्रकार ॲरन कॅम्पबेल यांनी त्याला पुन्हा लंडनच्या रस्त्यावर उभे केले. युरोपीय संघातून बाहेर पडू पाहणारे इंग्लंड, परक्यांविषयीचा तिरस्कार, मोडकळीला आलेली इस्पितळे हे विषय परतले आणि त्यांच्याबरोबर नायकाची धारही परतली. समीक्षकांनी वाखाणलेली ही मालिका २०२० मध्ये १२ अंकांवर थांबली. अपुरी राहिलेली गोष्ट याच जोडीने 'डेड इन अमेरिका'मधून पुढे नेली. त्यात कॉन्स्टंटाइन धड जिवंत नाही आणि धड मेलेलाही नाही. अशा अवस्थेत तो अमेरिका पालथी घालतो आणि त्या देशाच्या इतिहासात गाडलेली भुते उकरत जातो.

त्याच्या पुनरागमनाचे कारण केवळ जुन्या वाचकांचे प्रेम हे नाही. जगभरात संकटातून सोडवण्याचे आश्वासन देणाऱ्या तारणहारांची चलती असताना, तारणहाराचाच संशय घ्यायला लावणारा नायक लेखकांना पुन्हा हवासा वाटला, असे या नव्या कथा वाचताना जाणवते.

आपल्याकडचा वारसा

भुताटकीचा शोध घेणारा हेर ही कल्पना पाश्चात्त्य साहित्यात जुनी आहे. आयर्लंडचे शेरिडन ले फानू यांचा डॉ. हेसेलियस १८७२ च्या कथासंग्रहात भेटतो. विल्यम होप हॉजसन यांचा कार्नाकी १९१० पासून कथांमध्ये दिसू लागला. कार्नाकीच्या काही प्रकरणांत भूत खरे निघते, तर काहींत भुताच्या आडून कोणी माणूसच कारस्थान करत असतो. बंगालीत 'पथेर पांचाली'चे लेखक विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांनी तारानाथ तांत्रिक निर्माण केला. त्यांचे पुत्र तारादास यांनी ती परंपरा पुढे चालवली आणि अलीकडे शमिक दासगुप्ता यांनी तारानाथला चित्रकादंबरीत आणले.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. 'चांदोबा'तून घरोघरी पोहोचलेली विक्रम-वेताळाची गोष्ट आठवावी. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागर'मध्येही ती आहे. राजाच्या खांद्यावरचे प्रेत, त्यातला वेताळ आणि त्याची कोडी सर्वांना माहीत असतात. शेवट मात्र अनेकांच्या विस्मरणात गेलेला असतो. राजाला स्मशानात पाठवणारा साधू त्याचाच बळी देण्याच्या तयारीत आहे, हे राजाला सांगतो तो वेताळ. ज्याला भ्यावे ते भूत सावध करते आणि ज्याच्या पाया पडावे तो मांत्रिक गळा कापायला बसलेला असतो. मांत्रिकाकडे संशयाने पाहण्याचा धडा आपल्या कथापरंपरेने हजार वर्षांपूर्वीच दिला होता.

पुढच्या काळात हा धडा काहीसा मागे पडला. १९६४ मध्ये सुरू झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने ली फॉक यांच्या फँटमला मराठीत 'वेताळ' हे नाव दिले. नाव भुताचे असले तरी तो नायक निर्मळ होता. जादूगार मँड्रेकही तसाच सज्जन. १९९० मध्ये हे प्रकाशन थांबले. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंझार कायद्याच्या चौकटीबाहेर वावरणारा, काळ्या-पांढऱ्याच्या मधला नायक होता खरा, पण त्याचा सामना गुन्हेगारांशी असे.

भयकथेत ही जागा घेतली नारायण धारप (१९२५-२००८) यांनी. 'लुचाई', 'शपथ', 'चेटकीण', '४४० चंदनवाडी' अशी त्यांची पुस्तके वाचनालयांत फिरून फिरून जीर्ण झाली. स्टीफन किंग यांच्या कादंबऱ्यांचे बीज घेऊन ते मराठी मातीत रुजवण्याचे कसब त्यांच्यापाशी होते. अनिष्ट शक्तींचा छडा लावणारा 'समर्थ' हा त्यांचा मानसपुत्र कॉन्स्टंटाइनचा सर्वांत जवळचा मराठी भाऊबंद म्हणता येईल. दोघांचे काम एक, वृत्ती मात्र पूर्ण वेगळी. समर्थाचे सामर्थ्य साधनेतून आणि चारित्र्यातून येते. तो आला की वाचकाला हायसे वाटते. कॉन्स्टंटाइन दाराशी आला, तर घरातले कोण गमवावे लागणार, याचा घोर लागतो.

समर्थ निर्मळ आहे, हा धारपांचा दोष मानण्याचे कारण नाही. त्यांच्या कथांत भय इतके गडद असते की त्यावर उतारा म्हणून तितकाच उजळ माणूस लागतो. छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने धारपांची पुस्तके नव्या रूपात वाचकांपुढे आणली. राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' ऑक्टोबर २०१८ मध्ये आला, तेव्हा त्याला माफक प्रतिसाद मिळाला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक चालला. धारपांच्या कथेपासून प्रेरणा घेतलेल्या या चित्रपटात समर्थासारखा कोणी नाही. गुप्तधनासाठी सैतानाच्या गुहेत उतरणारा विनायक युक्तीने जिंकत जातो आणि त्याचे मोल अखेर घराला मोजावे लागते. मराठी मातीतला हा नायक कॉन्स्टंटाइनच्या बराच जवळ जातो.

भूत नसलेले प्रकरण

'हेलब्लेझर'च्या इतिहासातील एक कथा या संदर्भात महत्त्वाची आहे. १९९९ मध्ये वॉरन एलिस यांनी 'शूट' ही कथा लिहिली. शाळेत मुले मुलांवर गोळ्या का झाडतात, याचा शोध घेणाऱ्या एका संशोधिकेला जागोजागी कॉन्स्टंटाइन दिसतो. यामागे काही काळी विद्या असावी, असा तिला संशय येतो. कॉन्स्टंटाइन तिला बजावतो, की येथे सैतान नाही, शाप नाही. मोठ्यांनी या मुलांना जे जग दिले त्याचा हा परिणाम आहे. त्याच सुमारास अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत हत्याकांड झाले आणि प्रकाशकांनी कथा रोखली. एलिस यांनी मालिका सोडली. ती कथा प्रसिद्ध व्हायला २०१० उजाडले. भुतांच्या मालिकेतील ही बहुधा सर्वांत भेदक कथा, आणि तिच्यात भूतच नाही.

मराठवाड्यातील वाचकाला येथे भानामती आठवल्याशिवाय राहणार नाही. घरावर दगड येणे, कपडे पेटणे, अन्नात घाण निघणे, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटणे, बायकांनी चित्रविचित्र आवाज काढणे, या प्रकारांना या भागात भानामती म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीच्या कार्यकर्त्यांनी अशी प्रकरणे जागेवर जाऊन तपासली. त्यांची पद्धत एखाद्या हेरासारखीच असते. कोणता प्रकार केव्हा घडला, त्या वेळी घरात कोण होते, कोण नसताना काहीच घडले नाही, याची टाचणे काढायची. मग घरातील प्रत्येकाशी स्वतंत्रपणे, धाक न दाखवता बोलायचे. शोध बहुधा घरातल्याच एखाद्या माणसापाशी येऊन थांबतो. कधी ती सासुरवासाने गांजलेली सून असते, तर कधी घुसमटलेली किशोरवयीन मुलगी किंवा मुलगा.

खरा पेच त्यानंतर सुरू होतो. घरचे विचारतात, "कोण करत होते?" गाव विचारते, "नाव सांगा." कार्यकर्त्याला नाव कळलेले असते आणि तो ते सांगत नाही. प्रकार थांबतील एवढी हमी तो देतो, त्या व्यक्तीला समुपदेशनाची वाट दाखवतो आणि नाव पोटात ठेवून परततो. सत्याचा आग्रह धरणाऱ्या माणसाने सत्याचा महत्त्वाचा भाग दडवणे योग्य आहे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. नाव उघड झाले तर त्या सुनेचे पुढे काय होईल, हे ज्याला ठाऊक आहे त्याला उत्तर द्यायला फार वेळ लागत नाही. कॉन्स्टंटाइन आपला विजय दुसऱ्याच्या खात्यावर लिहितो. हा कार्यकर्ता गावाचा रोष आणि अर्धवट सांगितल्याचा आरोप स्वतःच्या खात्यावर घेतो. दोघेही गुपित राखून असतात. फरक पडतो तो किंमत कोण चुकवतो यात.

अशा कामाची किंमत केवढी असू शकते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. १० मे २०२४ रोजी पुण्यातील विशेष न्यायालयाने या हत्येप्रकरणी दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली.

कथा आणि कायदा

भयकथांनी अंधश्रद्धा वाढते, असा आक्षेप अधूनमधून घेतला जातो. २०१३ च्या कायद्याचा रोख मात्र कथांवर नाही. भूत उतरवण्याच्या निमित्ताने बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, गुप्तधनाच्या शोधासाठी किंवा करणी-भानामतीच्या नावाने अघोरी कृत्ये करणे, साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर औषधोपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्राचे उपचार करणे, अशा कृत्यांना तो प्रतिबंध करतो. त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. अंमलबजावणीसाठी पोलिस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. अशा प्रकाराची तक्रार जवळच्या पोलिस ठाण्यात करता येते.

कथा कोणत्या प्रकारची आहे, याला मात्र महत्त्व आहे. मांत्रिक नेहमीच निर्मळ आणि सर्वज्ञ दाखवला, तर वाचकाच्या मनात त्याच्याविषयीचा आदर वाढण्याची शक्यता असते. उलट कॉन्स्टंटाइनची गोष्ट वाचून संपवताना एकच प्रश्न उरतो, की या सुटकेचे पैसे कोणी भरले? उतारा, कोंबडे आणि दक्षिणा यांचा खर्च ऊसतोडीच्या उचलीतून गेला असेल, तर ती उचल फेडायला कोयता घेऊन कोण जाणार? अंगात आले म्हणून जिला खांबाला बांधले, तिचे दुखणे कोणी विचारले काय? हा प्रश्न विचारण्याची सवय चित्रकथेतून लागली काय किंवा वेताळ पंचविशीतून लागली काय, उपयोग तोच.

कोठून वाचावे?

ही मालिका केवळ प्रौढ वाचकांसाठी आहे. तिच्यात हिंसा, व्यसने आणि अश्लील भाषा यांचा मुक्त वापर आहे, तेव्हा कॉमिक्स म्हणून ती मुलांच्या हाती देऊ नये. नव्या वाचकाने एनिस यांच्या १९९१ मधील 'डेंजरस हॅबिट्स'पासून सुरुवात करावी आणि मग मागे डेलानोंकडे वळावे. २०१९ ची मालिका वाचल्याशिवाय 'डेड इन अमेरिका' पुरती उमगणार नाही. मराठीतच वाचायचे असेल तर धारपांचा समर्थ आणि विक्रम-वेताळ ही जोडी एकापाठोपाठ एक वाचावी. पहिल्यात मांत्रिकावर विश्वास ठेवावासा वाटतो. दुसऱ्यात, अगदी शेवटच्या पानावर, तो का ठेवू नये ते कळते.